जुळ्याला आई नसते

आमच्या विहंगचा फोटो औसा रोडच्या चौकात लागला, त्या दिवसापासून मी ऑफिसला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. फोटो तसा चांगला होता. बारा फूट उंच, पावडर फासल्यासारखा गोरा केलेला, आणि खाली मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल: सातशे वीसपैकी सहाशे तीन. त्याच्याखाली, पोराच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत दुसरी ओळ होती. 'जे फरकाचा आकडा सांगतात, त्यांनीही विश्वास टाकला आमच्यावरच!'

'जे' म्हणजे मी. माधुरी बिडवे, मुख्य समुपदेशक, शासकीय फरक केंद्र, लातूर. पोराला क्लासला घालावं की नाही हे लोकांना सांगण्याचा पगार घेणारी बाई.

ज्यांची पोरं अजून लहान आहेत, त्यांच्यासाठी हे केंद्र काय करतं ते आधी सांगते. प्रश्न जुनाच होता. क्लासला जाऊन मुलाला सहाशे पडले, तर न जाता किती पडले असते? हे कुणाला कळायचा मार्ग नव्हता, कारण एक मूल अकरावी-बारावी एकदाच करतं. क्लासवाले फोटो लावत ते लागलेल्यांचे. न लागलेलेही त्याच बाकांवर बसलेले असत, पण त्यांचे फोटो कोण लावणार? शिवाय चाचणी घेऊन हुशार पोरं आधीच वेचून घ्यायची आणि दोन वर्षांनी त्यांच्या हुशारीचा हार आपल्याच गळ्यात घालायचा, हा तर राजरोस धंदा होता.

मग जुळं आलं. त्याचं सरकारी नाव 'समांतर अध्ययन प्रतिकृती', पण ते फक्त आमच्या लेटरहेडवर. लातुरात सगळे 'जुळं'च म्हणतात. 'लेकराचं जुळं काढलं का?' असं किराणा दुकानात विचारतात.

दहावीची परीक्षा संपली की मूल तीन आठवडे, रोज दोन तास केंद्रात येऊन टॅबवर प्रश्न सोडवतं. उत्तर बरोबर की चूक यात यंत्राला फारसा रस नसतो. मूल कुठं थबकलं, कोणता पर्याय निवडून पुन्हा खोडला, आज शिकवलेलं तिसऱ्या दिवशी किती उरलं आणि सतराव्या दिवशी किती, शेजारच्याचे गुण दाखवल्यावर नाडी किती वाढली आणि त्यानंतरच्या दहा प्रश्नांत हात किती वेळा चुकला, हे सगळं ते टिपून घेतं. प्रत्येक माणसाची शिकण्याची जशी एक चाल असते तशी विसरण्याचीही असते. त्या दोन चालींवरून यंत्रात त्या मुलाची प्रतिकृती तयार होते आणि तिला दोन वर्षं जगवलं जातं. एकदा क्लास लावून. एकदा क्लासशिवाय, म्हणजे कॉलेज, पुस्तकं आणि सरकारचे फुकटचे व्हिडिओ एवढ्यावरच. तेही हजार-हजार वेळा, कारण कधी ऐन परीक्षेत ताप येतो, कधी पेपर सोपा निघतो. दोन्ही सरासऱ्यांमधलं अंतर म्हणजे फरक. तो छापलेला कागद म्हणजे फरकपत्र. ते बंद पाकिटात आईवडिलांच्या हातात द्यायचं, आणि मुलाला आकडा सांगायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं, असा नियम.

पहिल्या चाळीस हजार मुलांवर पडताळून पाहिलं तेव्हा दहातल्या नऊ मुलांचे खरे गुण अंदाजाच्या बारा गुण इकडेतिकडे निघाले. बहुतेकांचा फरक पाच ते दहाच्या आत. काहींचा मात्र खूप मोठा. जळकोटच्या एका मुलाच्या कॉलेजात दोन वर्षं भौतिकशास्त्राचा शिक्षकच नव्हता, त्याचा फरक चौऱ्याहत्तर आला. त्याला क्लास मिळावा म्हणून मी स्वतः चार ठिकाणी भांडले. आणि थोड्यांचा फरक उणे. क्लासनं ज्यांचं नुकसानच होतं अशी मुलं.

यंत्र बनवणाऱ्यांनी माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं की घरात काय घडेल ते प्रतिकृतीला माहीत नसतं. आमचा शिपाई तेच आल्यागेल्याला सोप्या भाषेत सांगायचा. "जुळ्याला आई नसती बगा."

मी या कामात पटाईत होते. चार गोड शब्द बोलून पाकीट सरकवणाऱ्यांतली मी नव्हे. "सहा गुणांसाठी पोराला दोन वर्षं खुराड्यात कोंडणार?" असं मी बापाच्या तोंडावर विचारायची. "शेजाऱ्याचं पोर विहिरीत उडी मारेल, मग तुमचंही मारेल का?" बाया रडायच्या, पुरुष चिडायचे, आणि निम्मे तरी ऐकायचे. घरी जाताना मला फार बरं वाटायचं. आपण समाजाच्या उपयोगी पडतो आहोत असं वाटण्यात एक नशा असते, ती मला चांगलीच चढली होती.

जयमाला डोंगरे माझ्यासमोर बसली ती दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात.

जयमाला औशाची, माझ्या माहेरच्या गल्लीतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिथंच टेलरिंग करते, नवरा एसटी डेपोत मेकॅनिक. माझे सगळे ब्लाउज तिच्याच हातचे. लहानपणी मला 'ए माधुरे' म्हणायची, मला नोकरी लागल्यावर 'ताई, तुम्ही' म्हणू लागली, आणि मी ते चालवून घेतलं. तिची मुलगी तन्मयी शाळेत पहिली. लेकरू डॉक्टर व्हावं ही सगळ्या गल्लीचीच इच्छा होती.

फरकपत्रात आकडा होता उणे अडतीस. क्लासशिवाय पाचशे अठ्ठ्याऐंशी, क्लाससह पाचशे पन्नास.

"म्हणजे क्लासला घातलं तर कमी पडतील?" जयमालानं तीनदा विचारलं. "असं कसं हो ताई?"

मी तिला समजावून सांगितलं. तन्मयी सावकाश शिकते, पण एकदा शिकली की विसरत नाही. दर आठवड्याला परीक्षा आणि भिंतीवर नंबर लावला की ती घाबरते, आणि घाबरली की आलेलंही चुकवते. घरी, आपल्या चालीनं अभ्यास केला तर सरकारी कॉलेजात सीट मिळण्याइतके गुण तिला पडतील. क्लास तिच्यासाठी विष आहे.

"माप नीट घेतलंय ना तुम्ही?"

"नीट घेतलंय."

"मग झालं," जयमाला म्हणाली. "माप घेतल्यावर मापापरमानंच बेतायचं. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बघितलं की कापड वाया जातंय."

तिच्या जावेनं, दिरानं, डेपोतल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. ती हलली नाही. तन्मयीला औशाच्याच कॉलेजात घातलं. "ताईनं सांगितलंय," एवढंच ती सगळ्यांना म्हणायची. मला हे कळलं तेव्हा ऊर भरून आला होता.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी विहंगचं पाकीट आलं. क्लासशिवाय सहाशे दोन, क्लाससह सहाशे चार. फरक दोन.

मी ते ऑफिसातच फोडलं आणि हसले. ठरल्यासारखंच होतं. विहंगनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, फरक कमी आला तर मी क्लास लावणार नाही. कॉलेज, घरचा अभ्यास आणि संध्याकाळी खो-खो." तो जिल्ह्याच्या संघात होता. खांब मारून वळायचा तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास अडकायचा.

घरी सुधीरला, माझ्या नवऱ्याला, कागद दाखवला. तो बँकेत आहे, आकड्यांना घाबरणारा माणूस नाही. त्यानं दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"आकडा बरोबरच असेल," तो म्हणाला. "पण माधुरी, समज नाहीच लागली सीट. तर लोक काय म्हणतील? आईच्या नोकरीपायी पोराचा बळी दिला म्हणतील. आणि विहंग? उद्या तो विचारेल, सगळे गेले, मलाच का नाही पाठवलं? काय उत्तर देशील?"

मी रोज दहा बापांना जे सुनावत होते, ते त्याला सुनावू शकले असते. तोंड उघडलंही. पण आता भीती माझी होती, आणि ती समोरच्या खुर्चीवरून दिसते तशी मुळीच नव्हती. दहातला एक जण बारा गुणांच्या बाहेर पडतो. तो एक माझाच निघाला तर?

आम्ही शिखरवाट क्लासेसमध्ये गेलो. पूर्ण फी भरली. एक पैशाची सूट घेतली नाही, एवढंच काय ते माझ्या प्रामाणिकपणाचं भांडवल. क्लासचे मालक गुंडरे सर हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव कुठंही येणार नाही. शब्द."

आणि विहंगला मी सांगितलं, "बाळा, क्लाससह सहाशे चार, फरक एकतीस आलाय."

हा आकडा मी पायऱ्या चढताना ठरवला होता. फार मोठा सांगितला तर तो खचेल, फार लहान सांगितला तर जाणार नाही.

"म्हणजे क्लासशिवाय पाचशे त्र्याहत्तर," तो म्हणाला. "मला वाटलं होतं मी बरा आहे."

"बराच आहेस रे."

"नाही, ठीक आहे. कळलं ते बरं झालं." त्यानं खो-खोच्या सरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बूट धुऊन माळ्यावर टाकले. मी ते पाहत होते. त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं, अजून काहीच बिघडलं नव्हतं. मी चहा टाकला.

सव्वा वर्ष काही झालं नाही. सकाळी मी लोकांना क्लास लावू नका म्हणून सांगायची, संध्याकाळी पोराला क्लासवरून घेऊन यायची, गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुलाखती द्यायची तेव्हा आवाज जरा जास्तच चढायचा, एवढाच बदल.

मग बारावीच्या दिवाळीत शिखरवाटचा एक व्हिडिओ गावोगाव फिरला. त्यात महिन्याच्या परीक्षेतले पहिले दहा विद्यार्थी होते, विहंग तिसरा, आणि मागून गुंडरे सरांचा आवाज: 'जे आकडे सांगतात, त्यांचंही लेकरू आमच्याकडंच शिकतंय!'

मी फोन केला. "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"नाव कुठं घेतलंय मॅडम? 'जे' म्हटलंय नुसतं."

जयमालाचा फोन येईल म्हणून मी आठवडाभर धास्तीत होते. आला नाही, तेव्हा सुटकेचा श्वास टाकला. तिनं पाहिलाच नसेल अशी मनाची समजूत घातली. जानेवारीत संक्रांतीच्या साडीवरचा ब्लाउज शिवायला औशाला गेले, तर दुकानाला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, "जयमाला व्हय? दिवाळीपासनं लातुरातच हाय की. पोरीला क्लासला घातलंय. नवरा इथं एकटाच हातानं भाकरी थापतोय."

खाडगाव रोडवर पोरं आणि त्यांच्या आया भाड्यानं राहतात अशा इमारती आहेत. त्यातल्या एका खोलीत मी तिला गाठलं. दहा बाय दहाची खोली, एक खाट, एक शेगडी आणि शिलाई मशीन. ती कुणाचे तरी गणवेश शिवत होती. तिनं मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. सगळं रीतसर.

"तन्मयी कशी आहे?"

"हुशार लेकरू, पण आलेलंही येईना झालंय बघा. म्हणतीय, आई, पेपर हातात आला की नुसता नंबरच दिसतोय. भिंतीवर दोनशे चौदावा नंबर लावलाय." ती मशीन चालवतच बोलत होती. "उशिरा आलाव ना आम्ही. बाकीची लेकरं दीड वर्षापासनं हायेत. आता भरून काढायचं म्हणलं की असं होणारच."

"जयमाला, तिला घरी घेऊन जा. उशीर हे कारण नाहीच. तो आकडा खरा होता."

तिनं पायडल थांबवलं. "ताई, तुम्ही सांगितलाव ते मी सव्वा वर्ष ऐकलं. मग तुम्ही केलाव ते बघितलं."

आता सांगायला हवं होतं. माझ्या मुलाचा फरक दोनच होता, आकडा खोटा नव्हता, भित्री मी होते. तीन वाक्यं. तन्मयी त्या वेळी दारातून आत आली, वाळली होती, माझ्याकडे न बघता ताट वाढून घेऊन पुस्तक उघडून बसली. तिच्यासमोर तर मला ती वाक्यं उच्चारवेनात. मी दुसरंच बोलले.

"विहंगचा आकडा वेगळा होता ग. त्याचा फरक एकतीस होता. म्हणून घातला. प्रत्येकाचं माप वेगळं, तूच म्हणतेस ना?"

जयमालानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिला विश्वास ठेवायचा होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मग कागद दाखवा की. तन्मयीचा तर माझ्या हातात दिलाव. तुमच्या लेकराचाही असंल की घरात."

"तो गोपनीय असतो."

"व्हय," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. "आमच्यासारख्यांचा नसतोय."

मी जिना उतरले. पुन्हा जाईन, सगळं सांगेन, असं खाली उभं राहून स्वतःला बजावलं. फेब्रुवारीत ऑडिट होतं. मार्चमध्ये विहंगची बारावी. माणसाला न जाण्याची कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप रांगेत येऊन उभी राहतात.

मे महिन्यात मेडिकलची परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. विहंगला सहाशे तीन. तन्मयीला पाचशे एक्केचाळीस. सरकारी सीट पाचशे सत्तरच्या आसपास बंद झाली.

जुळ्यानं तिचा पाचशे पन्नास हा आकडा दोन वर्षांपूर्वीच सांगितला होता. ती क्लासला का जाईल, कुणाच्या वागण्यामुळं जाईल, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

शिखरवाटचा सत्कार समारंभ जूनच्या शेवटच्या रविवारी, सकाळी अकराला, एका मंगल कार्यालयात होता. आधी यशस्वी मुलांची भाषणं, मग पुढच्या वर्षीचे प्रवेश. हॉलच्या मागच्या बाजूला टेबलं मांडून ठेवलेली. सीट थोडक्यात हुकलेल्या मुलांना आणि पालकांना मुद्दाम निमंत्रण असतं. भाषणं ऐकून बापाचं मन तापलं की लगेच रिपीट बॅचचा फॉर्म पुढे करायचा.

सकाळी विहंग नवा शर्ट घालून आरशासमोर भाषण म्हणत होता. मी दारात उभी राहून ऐकलं. "माझा फरक एकतीस होता. म्हणजे मी एकट्यानं अभ्यास केला असता तर मी आज इथं नसतो. मी मुळात साधारण विद्यार्थी आहे..."

"विहंग," मी म्हणाले.

"काय ग? चुकलं का काही?"

"कॉलर नीट कर."

मला मंचावर बसवलं होतं, विद्यार्थ्याच्या मातोश्री म्हणून. गळ्यात हार. समोर पाचशे माणसं, आणि सातव्या-आठव्या रांगेत जयमाला. शेजारी तन्मयी, मांडीवर रिपीट बॅचचा छापील फॉर्म. तिनं पेन काढून आपलं नाव लिहायला घेतलं होतं.

विहंग बोलायला उभा राहिला. छान बोलला. 'साधारण विद्यार्थी' म्हणताना हसला, तेव्हा हॉलभर टाळ्या पडल्या. एकतीस म्हणाला तेव्हा जयमालानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग ती तन्मयीच्या कानाशी लागून काही बोलली. खरं होतं ग बाई, असंच काहीतरी असणार. जे मी सांगून तिला पटलं नव्हतं, ते माझ्या पोराच्या भोळ्या तोंडून तिला पटलं. त्याच्यासारखे एकतीस गुण इथंच वाढतात, मग आपलेही वाढतील, हे दोघींच्या तोंडावर दिसत होतं; उणे अडतीस दोघीही विसरल्या होत्या. तन्मयीनं पुढची ओळ भरायला घेतली.

मी उठले. माइक विहंगच्या हातातून घेतला तेव्हा त्याला वाटलं मी कौतुकाचे दोन शब्द बोलणार. तो बाजूला सरकून हसत उभा राहिला.

"माझा मुलगा खोटं बोलला नाही," मी म्हणाले. "त्याला मी खोटं सांगितलं. त्याचा फरक दोन होता. क्लासशिवाय सहाशे दोन, क्लाससह सहाशे चार. फरकपत्र घरी आहे, ज्याला हवं त्यानं येऊन बघावं. मी त्याला इथं घातलं ते भीतीनं. लोक काय म्हणतील या भीतीनं. माझं बघून ज्यांनी आपली पोरं इथं घातली, त्यांना माझ्यामुळं..."

वाक्य मी तिथंच सोडलं. गुंडरे सरांनी माइक बंद करायला सांगितलं होतं, पण त्याआधीच मी तो खाली ठेवला होता. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "तेव्हा खोटं बोलली म्हणतीय, मग आता खरं बोलतीय कशावरून?" लोक हसले. गुंडरे सरांनी पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं. प्रवेशाच्या टेबलांपुढे रांग लागली ती नेहमीएवढीच लांब होती, उलट जरा जास्तच. मला वाटलं होतं निदान शंभर माणसं उठून जातील. इतकी वर्षं मी आकडे सांगत आले आणि लोक आकड्यांवर चालत नाहीत हे मला त्या दिवशी समजलं. खरं तर ते माझ्या घरातच आधी समजायला हवं होतं.

विहंग मागच्या जिन्यात सापडला. हार काढून पायरीवर ठेवलेला.

"दोन?" त्यानं विचारलं.

"दोन."

"म्हणजे सहाशे दोन मी माझा मीच होतो." क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला आणि लगेच विझला. "आई, दोन वर्षं मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगत होतो की तू कच्चा आहेस, तुला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. रोज सांगत होतो ग."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. त्यानं हात झटकला नाही, फक्त उठून उभा राहिला, त्यामुळे माझा हात आपोआपच खाली पडला. "मी चालत घरी जातो," म्हणाला आणि गेला. सकाळी आरशासमोर सांगितलं असतं तर पाचशे लोकांपुढे त्याला हे ऐकावं लागलं नसतं. माझ्या खरं बोलण्यातही मी त्याचा विचार केला नव्हता. त्या लाजेला अजून नाव सापडलेलं नाही.

मी बाहेर आले तर फाटकाशी जयमाला उभी होती. तन्मयी थोड्या अंतरावर, फॉर्मच्या घड्या घालत आणि उलगडत.

"लेकरू विचारतंय, माझं ते पाचशे अठ्ठ्याऐंशी खरं होतं का म्हणून," जयमाला म्हणाली.

"खरं होतं. अजूनही आहे. घरी बसून तिच्या चालीनं करू दे. तिची विसरण्याची चाल बदललेली नाही. भीती तेवढी उतरायला हवी. हवं तर मी रोज औशाला येऊन..."

"नको." तिनं हात वर केला. "तुम्ही नका येऊ. आमचं आम्ही बघू." मग तन्मयीला हाक मारून तिच्या हातातला फॉर्म घेतला, फाडला नाही, नुसता पर्समध्ये कोंबला. "खोली सोडायचीय आज. पुढच्या गाडीनं जातो."

दोन पावलं जाऊन ती परत वळली.

"ताई, त्या दिवशी खोलीवर आलाव, तवा हे का नाही बोललाव?"

"लाज वाटली, जयमाला."

"आन् आज वाटली नाही?"

"आजही वाटली. जास्तच वाटली."

तिनं मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाला ब्लाउज का बसला नाही ते कळल्यावर हलवावी तशी.

"मग तवाच जमलं असतं की," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून रस्ता ओलांडून गेली.